पाठ, पोतं आणि पॅलेट

मिरज जंक्शनवर एके काळी तीन मापांचे रूळ एकत्र येत. पुण्याकडून येणारी ब्रॉडगेज, बेळगावकडे जाणारी मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारी बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज. रेल्वेच्या हौशी मंडळींना याचं भारी कौतुक. माल पाठवणाऱ्यांना मात्र ती कटकट होती. एका मापाची वाघीण दुसऱ्या मापाच्या रुळावर जात नाही. त्यामुळे एका गाडीतलं पोतं उतरवायचं, फलाट ओलांडायचा आणि दुसऱ्या गाडीत थप्पी लावायची. बार्शी लाइन १९२७ मध्ये मिरजेला पोचली आणि एकविसाव्या शतकात तिचं रुंदीकरण होईपर्यंत या ना त्या दोन मापांमध्ये हा खेळ चालू राहिला. मधलं काही पावलांचं अंतर कापायला यंत्र नव्हतं. तिथे हमालाची पाठ होती.

अशाच एका रेल्वेच्या फलाटावर फोर्कलिफ्टचा पूर्वज जन्मला. १९०६ मध्ये अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया रेल्वेने अल्टूना या गावी प्रवाशांचं सामान वाहायला बॅटरीवर चालणारी सपाट गाडी वापरायला सुरुवात केली. ती काही उचलत नव्हती, फक्त वाहत होती. पण माणसाने ढकलायची हातगाडी आपल्या पायांवर उभी राहिली ती तिथे. एकाच प्रकारचं काम, एकाच प्रकारची जागा. एकीकडे मोटर आली आणि दुसरीकडे पुढची कित्येक दशकं पाठच राहिली. असं का झालं, याचं उत्तर सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत जितकं स्पष्ट सापडतं तितकं क्वचित कुठे सापडेल. १९४९ पर्यंत यांतला बराचसा मुलूख साताऱ्याच्याच नावाने ओळखला जाई. मग उत्तर आणि दक्षिण सातारा झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली पडलं. या मातीने कारखानदारही दिले आणि मुंबईला ओझं उचलणारी माणसंही दिली.

आधी यंत्राची गोष्ट. पहिल्या महायुद्धाने अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये कारखान्यांतली माणसं आघाडीवर नेली आणि मागे उरलेल्यांना दुप्पट माल हलवायचा होता. मिशिगन राज्यातल्या ब्युकॅनन या गावी क्लार्क कंपनी गाड्यांचे आस बनवत असे. १९१७ मध्ये तिने आपल्याच कारखान्यात सुटे भाग इकडून तिकडे नेण्यासाठी पेट्रोलवर चालणारी एक बुटकी गाडी तयार केली. नाव ठेवलं ट्रक्ट्रॅक्टर. विकायचा विचार नव्हता. कारखाना बघायला आलेल्या पाहुण्यांनी ‘अशी एक आम्हालाही द्या’ म्हणून तगादा लावला, तेव्हा ती बाजारात आली. १९२३ मध्ये येल कंपनीने दोन काटे आणि ते वर नेणारा उभा खांब, म्हणजे मास्ट, बसवलेली गाडी काढली. आज आपण जिला फोर्कलिफ्ट म्हणतो तिचा चेहरा तिथे तयार झाला. त्या दशकाच्या शेवटी दोर आणि साखळ्यांच्या जोडीला तेलाच्या दाबाने उचलणारं हायड्रॉलिक आलं.

या यंत्राचं सगळं गणित तागडीचं आहे. पुढची चाकं हा टेकू. एका पारड्यात काट्यांवरचा माल, दुसऱ्यात इंजिन आणि मागच्या बाजूला ओतलेला लोखंडाचा जड ठोकळा. म्हणून छोटीशी दिसणारी फोर्कलिफ्ट वजनाला ट्रकची बरोबरी करते. म्हणूनच तिच्या पाटीवर लिहिलेली क्षमता बिनशर्त नसते. दीड टनाची गाडी दीड टन उचलते ते भाराचा मध्य काट्यांच्या मुळापासून अर्ध्या मीटरच्या आत असेल तरच. माल त्याच्या पुढे सरकला की तीच गाडी मागची चाकं उचलून पुढे कलंडायला बघते. वळायचं काम मागची चाकं करतात, त्यामुळे अरुंद गल्लीत ती जागच्या जागी फिरते आणि नवख्या चालकाची शेपटी हमखास भिंतीला लागते. मुरलेला चालक काटे जमिनीपासून वीतभर उंच ठेवतो, मास्ट किंचित मागे झुकवतो, उतारावर भरलेली गाडी उलटी उतरवतो. हे अंगवळणी पडायला काही महिने लागतात.

पण काटे घालायचे कशात? ही गोष्ट फोर्कलिफ्टच्या इतिहासात सहज निसटते. पोत्याखाली काटे जात नाहीत. गेलेच तर ते फाटतं. खोक्याखाली जायला फट लागते. ती फट दिली पॅलेटने, म्हणजे दोन थरांच्या लाकडी फळ्या आणि त्यांच्या मध्ये मोकळी जागा. १९३० च्या दशकात पॅलेट रूढ होऊ लागलं आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने ते जगभर नेलं. युद्ध संपल्यावर ऑस्ट्रेलियात सैन्याने मागे ठेवलेल्या फोर्कलिफ्ट आणि पॅलेटवरून तिथल्या सरकारने एक सामाईक साठा उभा केला. आज जगभर निळ्या रंगाची पॅलेट भाड्याने देणारी कंपनी त्यातूनच वाढली. तेव्हा फोर्कलिफ्ट एकटी येत नाही. तिला मापात बसणारं खोकं लागतं, पॅलेट लागतं, खड्डे नसलेली फरशी लागते आणि ट्रकच्या पाट्याच्या उंचीचा धक्का लागतो. यातलं एक जरी नसलं तरी ती कोपऱ्यात उभी राहते.

आता आपल्याकडे येऊ. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजांनी कुंडलजवळचा माळ दिला. १९१० मध्ये निवडुंग तोडून तिथे किर्लोस्करवाडी वसली. जवळचं रेल्वे स्टेशन कुंडल रोड, पुढे त्याचंही नाव किर्लोस्करवाडी झालं. क्लार्कचे कामगार ब्युकॅननमध्ये बुटकी गाडी जोडत होते त्या वर्षांत इथे बिडाचे नांगर आणि कडबा कापायची यंत्रं बनत होती. साताऱ्याजवळ सातारा रोडला धनजीशा कूपर यांनी १९२० च्या दशकात कारखाना काढला. आधी नांगर आणि पुढच्या दशकात डिझेल इंजिन. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. ओतकाम, लेथ, इंजिन हे सगळं येणारी माणसं या पट्ट्यात होती. उचलणारी गाडी बनवणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं असं म्हणता येणार नाही.

ती बनली नाही, कारण तिची कुणाला गरज नव्हती. भट्टीतून निघालेलं जड बीड उचलायला चेन-पुली ब्लॉक आणि छताखालची क्रेन होती, कारण ते पाठीवर मावत नव्हतं. जे पाठीवर मावत होतं, त्यासाठी पाठ होती. ती यंत्रापेक्षा स्वस्त होती. तिला तेल लागत नव्हतं, सुटे भाग लागत नव्हते आणि ती मोडली तर मालकाचं काही जात नव्हतं. एखाद्या व्यापाऱ्याने त्या काळी हिशेब मांडला असता तर फोर्कलिफ्ट घेणं हा त्याला शुद्ध वेडेपणा वाटला असता. आणि त्याच्या वहीपुरता तो बरोबरही ठरला असता.

पाठीवरच्या या कामाचं जुनं रूप पाहायचं तर हरिपूरला जावं लागतं. सांगलीपासून जवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हे गाव हळदीच्या पेवांसाठी ओळखलं जाई. इथली माती घट्ट. तिच्यात पाणी झिरपत नाही. म्हणून जमिनीत वीसेक फुटांची पेवं खणायची. तोंड एका माणसापुरतं, आत रुंद. तळाला आणि कडेला पाचट-गवताचं अस्तर, त्यावर हळद ओतायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचं. हवा नाही, ओल नाही, त्यामुळे कीड नाही. हळद वर्षानुवर्षं टिकायची. पण काढताना हीच हवाबंद कोठी जिवावर उठायची. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, बराच वेळ तोंड मोकळं ठेवायचं, हा नियम. हा नियम चुकला की माणूस गुदमरायचा. आत हवा खेळल्यावर एक जण उतरून हळद भरून द्यायचा आणि वरचे दोराने ओढून घ्यायचे. आशियातल्या मोठ्या हळद बाजारांपैकी एक असलेल्या सांगलीचा साठा असा जमिनीच्या पोटात राहायचा आणि माणसाच्या हातांनी वर यायचा. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, हळद गेली आणि त्यानंतर बहुतेक माल गोदामांत जाऊ लागला.

तोच माल बाजारात आला की दुसरी पाळी सुरू. ट्रकचा मागचा फाळका खाली पडतो. वर उभे असलेले दोघं हातातल्या लोखंडी आकड्या पोत्याच्या दोन कोपऱ्यांत अडकवतात आणि पोतं ट्रकच्या काठापर्यंत ओढतात. खाली एक जण पाठ वाकवून, मान पुढे घालून उभा असतो. डोक्यावरून पाठीवर सोडलेलं पोत्याचंच टोपडं. वरचे पोतं अलगद त्याच्या मानेच्या खाली ठेवतात; आपटलं तर मणक्यावर बसतं, म्हणून ही देवघेव वर्षानुवर्षांच्या जोडीदारांतच नीट जमते. तो वळतो आणि लहान, भराभर पावलं टाकत निघतो, कारण ओझ्याखाली थांबणं हे चालण्यापेक्षा जड. थप्पी कमरेच्या वर गेली की फळी टाकतात आणि तिच्यावरून तो पोत्यासकट चढतो. शेवटचं पोतं पाठीवरून सोडायचं तेही बेतून, आडवं-उभं सांधा धरून, नाहीतर दहाव्या थराला थप्पी फुगते आणि कोसळते. हे पोतं पुष्कळ वर्षं शंभर किलोचं असायचं. ते वाहणारा माणूस स्वतः साठ किलोचा असला तर भरलेला म्हणायचा.

साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या माणसांना हे काम गावात मिळत नव्हतं, म्हणून ती मुंबईला गेली. पाटण, जावळी, तिकडे शिराळा. डोंगराच्या कुशीतली भातखाचरं, धो-धो पाऊस आणि दोन महिन्यांत संपणारं धान्य. कोयनेच्या धरणाने खोऱ्यातली चांगली जमीन बुडवली आणि १९६७ च्या भूकंपाने घरं पाडली. मुंबईत मस्जिद बंदर, दाणा बंदर, दारूखाना, कापूस बाजार, लोखंड बाजार अशा ठिकाणी एकेका गावाने एकेक खोली धरलेली असे. पाळीपाळीने झोपायचं, खाणावळीत जेवायचं, महिन्याला मनीऑर्डर करायची आणि यात्रेला गावी जायचं. टोळीत शिरायला गावचा माणूस लागे, त्यामुळे एकाच बाजारात एकाच खोऱ्यातली माणसं दिसत.

या माणसांना मालक नव्हता. गाळ्याचा व्यापारी म्हणे, हा माझा नोकर नाही. वाहतूकदार म्हणे, माझाही नाही. मजुरी मुकादमाच्या हातात पडे आणि तो आपला वाटा काढून उरलेली देई. कारखान्यांसाठीचे कायदे त्यांना लागू होत नसत, कारण ते कुठल्या कारखान्यात नव्हते. पाठ दुखावली तर दुसऱ्या दिवशी जागा दुसऱ्याची. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळे गावी २५ सप्टेंबर १९३३ रोजी जन्मलेले अण्णासाहेब पाटील याच गर्दीतून पुढे आले. १९६० च्या दशकात त्यांनी टोळ्या बांधल्या, संप केले, मोर्चे काढले. त्यांची मागणी मजुरी वाढवण्याच्या पुढची होती: ज्याला कुणी मालक नाही, त्याच्यासाठी मालकाची जबाबदारी कुणीतरी घेतली पाहिजे.

त्यातून ‘महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९’ आला. त्याची रचना साधी आणि हुशार आहे. प्रत्येक व्यवसायाला एक मंडळ. त्यात व्यापाऱ्यांचे, कामगारांचे आणि सरकारचे प्रतिनिधी. व्यापारी मंडळाकडे नोंदणी करतो, टोळीही करते. महिन्याची मजुरी व्यापाऱ्याने मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही. मजुरी टोळीत वाटली जाते. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, औषधपाणी. व्यापाऱ्यांनी कायद्याला न्यायालयात आव्हान दिलं, पण तो टिकला. पोत्यामागच्या दरात पहिल्यांदा हमालाचं म्हातारपण धरलं गेलं. पुढे नवी मुंबईत कोपरखैरण्याला माथाडींच्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांची मुलं शिकली. अण्णासाहेब विधान परिषदेवर गेले. मराठा समाजाला आर्थिक निकषावर आरक्षण मिळावं म्हणून त्यांनी २२ मार्च १९८२ रोजी मुंबईत मोर्चा काढला आणि मागणी पदरात पडली नाही म्हणून दुसऱ्याच दिवशी आपलं आयुष्य संपवलं.

याच काळात मुंबईच्या दुसऱ्या टोकाला फोर्कलिफ्ट देशी होत होती. १९६० च्या दशकात गोदरेजने विक्रोळीत क्लार्कच्याच सहकार्याने फोर्कलिफ्ट बनवायला घेतली. व्होल्टासही या धंद्यात उतरली आणि २०११ मध्ये तिने जर्मनीच्या किऑनशी भागीदारी केली. विक्रोळी आणि मस्जिद बंदर यांच्यात लोकलचा जेमतेम तासाभराचा प्रवास. तरी एका जागची गाडी दुसऱ्या जागी पोचायला पुष्कळ वर्षं लागली. सुरुवातीची गिऱ्हाइकं होती बंदरं, पोलादाचे कारखाने, मोठ्या कंपन्या. धान्याच्या आणि मसाल्याच्या बाजारात पोतं होतं, गल्ली होती, खड्डे होते आणि पाठ अजूनही स्वस्त होती. कायद्यानंतर पूर्वीइतकी मात्र नव्हती.

बंदरांचं चित्र जागतिक कारणांनी पालटलं. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीन या अमेरिकन वाहतूकदाराने ‘आयडियल एक्स’ जहाजावर ५८ पेट्या चढवल्या आणि कंटेनरचं युग सुरू झालं. माल एकदा पेटीत भरला की ती पेटी क्रेन, जहाज, रेल्वे, ट्रक असा प्रवास न उघडता करते. मधल्या प्रत्येक बदलीला लागणारी माणसं नाहीशी होतात. भरताना आणि रिकामी करताना जे काम उरतं, ते फोर्कलिफ्ट पेटीच्या आत शिरून करते. २६ मे १९८९ रोजी न्हावा शेवा बंदर सुरू झालं ते कंटेनर डोळ्यांसमोर ठेवूनच, आणि मुंबईच्या जुन्या गोद्यांमधल्या गोदी कामगारांची सद्दी संपायला लागली.

सांगली जिल्ह्याच्या खेड्यांत पॅलेट पोचवलं ते मात्र एका फळाने. तासगाव तालुका द्राक्षांचा. बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी निवडून काढलेली ‘तास-ए-गणेश’ ही बिनबियांची जात पुढे महाराष्ट्रभर पसरली. १९९० च्या दशकात द्राक्षं युरोपला जाऊ लागली आणि तिकडच्या गिऱ्हाइकाची पहिली अट निघाली ती मापाची. सगळी खोकी एका मापाची, एका वजनाची. मग पॅकहाऊसमध्ये खोकी पॅलेटवर रचायची, चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या काटकोनी पट्ट्या लावायच्या, वरून-खालून पट्ट्यांनी आवळायचं. घड वेलीवरून काढल्यावर काही तासांत प्री-कूलिंगला, मग शून्याच्या आसपास तापमानाच्या शीतगृहात, तिथून रीफर, म्हणजे आतून थंड राहणाऱ्या, कंटेनरमध्ये. चाळीस फुटी कंटेनरमध्ये वीसएक पॅलेट मावतात. पॅलेटच्या लाकडालाही अट आहे: त्याचा गाभा ५६ अंश सेल्सिअसला सलग तीस मिनिटं तापवलेला हवा, म्हणजे लाकडातले किडे परदेशात जाणार नाहीत, तसा शिक्का फळीवर नसला तर माल परत.

या अटींनी गावाच्या कडेला एक वेगळीच इमारत उभी केली. गुळगुळीत फरशी, कंटेनरच्या उंचीचा धक्का, रबराची झडप लावलेलं दार. म्हणजे फोर्कलिफ्टला जे जे लागतं ते सगळं. लहान पॅकहाऊसवाले हाताने ओढायच्या पॅलेट ट्रकवर भागवतात: दांडा खाली-वर पाच-सहा वेळा दाबला की पॅलेट बोटभर उचललं जातं आणि एकटी बाईही टनभर माल ढकलत नेते. मोठे बॅटरीची फोर्कलिफ्ट ठेवतात, कारण डिझेलचा धूर फळाला चालत नाही. द्राक्षाच्या हंगामात एकाच रस्त्यावर दोन काळ शेजारी दिसतात. निर्यातीचं खोकं पॅलेटवर चढतं आणि त्याच बागेतला बेदाणा तासगावच्या सौद्याला जातो तो खोक्या-खोक्याने हमालाच्या खांद्यावर.

साताऱ्यात हे बदल कारखान्यांच्या वाटेने आले. साताऱ्याची औद्योगिक वसाहत, मग महामार्ग चौपदरी झाल्यावर शिरवळ, खंडाळा, फलटण. इथल्या कारखान्यांत सुटे भाग जाळीच्या पेट्यांत येतात, पेट्या काट्यांवरून उतरतात आणि रॅकवर चढतात. जीएसटी आल्यावर राज्या-राज्यांतली छोटी गोदामं एकत्र करणं परवडू लागलं आणि महामार्गालगत मोठी, उंच गोदामं आली. उंच गोदाम म्हणजे माणसाच्या फळीची मर्यादा ओलांडलेली थप्पी. तिथे फोर्कलिफ्टशिवाय चालतच नाही.

आणि इथेच नवा वाद उभा राहिला. कंपनी म्हणते, माल यंत्राने उतरतो, मग माथाडीची मजुरी आणि लेव्ही कशाची? युनियन म्हणते, काटे माल धक्क्यापर्यंत आणतात. पण ट्रकच्या आतली मोकळी खोकी पॅलेटवर रचतं कोण, पट्ट्या आवळतं कोण, फुटलेलं पोतं उचलतं कोण? ज्या कामावर पिढ्यान् पिढ्या आमचा हक्क, तिथे गाडी आली म्हणून आम्ही रस्त्यावर का? याच्या आड खंडणीचा धंदा करणाऱ्या बनावट संघटनाही उगवल्या आणि त्यांची ओरड कारखानदारांनी केली, तशी खऱ्या माथाडी नेत्यांनीही केली. कायद्यात दुरुस्ती करायचे प्रस्ताव विधिमंडळात आले आणि प्रत्येक वेळी माथाडी रस्त्यावर उतरले. कायद्यातली श्रमाची व्याख्या अंगमेहनतीची. यंत्राच्या मदतीने होणारं काम तिच्यात किती बसतं, हा प्रश्न न्यायालयांच्या दारातही गेला.

या भांडणात एक गोष्ट झाकली जाते. यंत्राच्या आधी ओझं हलकं करण्याचा मार्ग होताच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली. पुण्याच्या हमाल पंचायतीतून डॉ. बाबा आढाव यांनी शंभर किलोच्या पोत्याविरुद्ध आवाज उठवत पन्नासची मागणी लावून धरली. आज साखर, सिमेंट, धान्य पन्नास किलोत येतं, आणि त्याने जितकी माणसं म्हातारपणी ताठ चालू शकली, तितकी एखाद्या यंत्रानेही नसतील. गंमत अशी की पन्नास किलोचं पोतं पाठीलाही सोपं झालं आणि पॅलेटवर रचायलाही. हमालासाठी मागितलेलं माप फोर्कलिफ्टच्या कामी आलं.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा झाल्यावर आजही ट्रक भरतो तो माणसांच्या पाठींनी, आणि इथे गाडी का आली नाही याचं कारण वर येऊन गेलं आहे: शेतकरी शेतात पोतं भरतो, ते सौद्यासाठी फोडलं जातं, पुन्हा शिवलं जातं, दहा अडत्यांच्या दहा गाळ्यांत विखुरतं. एका मापात बांधलेला माल इथे जन्मतच नाही. जिथे गिऱ्हाईक माप ठरवतं, तिथे द्राक्षासारखं सगळं शेताच्या बांधापासून बदलतं. म्हणून या दोन जिल्ह्यांत यंत्र आणि पाठ यांची सीमा गावांच्या किंवा वर्षांच्या हिशेबाने आखता येत नाही. ती मालाच्या बांधणीने आणि पाठीच्या किमतीने ठरते.

पाठीची किंमत ठरवायचं काम १९६९ च्या कायद्याने केलं, आणि ती ठरल्यावरच यंत्राशी तिची तुलना होऊ शकली. फुकटच्या पाठीपुढे कुठलंही यंत्र महागच. माथाडी चळवळीवर यंत्राला विरोध केल्याचा ठपका येतो. पण हमालाला माणसाचा दर मिळवून देऊन तिनेच फोर्कलिफ्ट परवडण्याजोगी केली. आता उरतो तो हक्काचा हिशेब. टोळीतल्या माणसाने आयुष्यभर जो माल ओळखला, त्याची थप्पी कशी लागते, कुठे कलंडते, कुठला कोपरा आधी उचलायचा हे ज्याला न सांगता कळतं, त्याच्या पोराला फोर्कलिफ्टच्या सीटवर बसवायचं आणि त्याचं नाव मंडळाच्या वहीत ठेवायचं, यात अवघड असं काही नाही. क्लार्कची पहिली गाडीही आपल्याच कारखान्यातला माल हलवण्यासाठी बनली होती. पाटण आणि जावळीच्या पुढच्या पिढीला गाडीची किल्ली देऊन मंडळाचं पासबुक काढून घेतलं, तर ओझं फक्त पाठीवरून उतरून घरावर येईल.